आधी पायरी

खालच्या आळीत येऊन कोणी परशुराम शेवड्यांचं घर विचारलं, तर त्याला चार दारं हिंडावी लागतात. शेवडे बाईंचं घर विचारलं तर रिक्षावाला थेट आमच्या दगडी गडग्यापाशी आणून सोडतो. मी त्याच घरात राहतो. बाईंचा नवरा. जिल्हा परिषदेत कारकुनी केली, निवृत्त झालो, मागच्या बाजूला हापूसची थोडी कलमं आहेत त्यांच्यामागे असतो. बायकोच्या नावाने आपलं घर ओळखलं जातं याचं काही पुरुषांना वाईट वाटतं म्हणे. मला कधी वाटलं नाही. उलट मी ते जरा मिरवतोच.

मथुराने इथल्या एका शाळेत तीस वर्षांवर विज्ञान शिकवलं. त्यातही भौतिकशास्त्र तिचं खास आवडीचं. पोरं तिला घाबरायची, पण ती छडीमुळे नव्हे. तिने कधी कोणावर हात उगारला नाही. घाबरायची ती एका शब्दाला. पोर फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता अडकलं की ही खिडकीशी उभी राहून नुसतं विचारायची, "पुढे?" ओरडणं नाही, मदतही नाही. पोर गप्प राहिलं की थोड्या वेळाने पुन्हा, "पुढे?"

उदाहरण सोडवायची तिची रीत ठरलेली होती. दिलेलं काय ते आधी लिहायचं, काढायचं काय ते त्याच्याखाली. मग आकृती. मग सूत्र, मग त्यात किमती, आणि उत्तर आलं की त्याला एकक लावल्याशिवाय पेन खाली ठेवायचं नाही. एखादं हुशार पोर मधलं सगळं गाळून थेट उत्तर लिहून आणायचं, तेव्हा ती वही परत द्यायची. म्हणायची, "हापूस नंतर. आधी पायरी." आंब्याच्या गावातली पोरं, त्यांना हा विनोद समजावून सांगावा लागत नसे. पन्नाशीला टेकलेले तिचे विद्यार्थी बाजारात भेटले की अजून मला तो ऐकवतात, जसा काही मी कधी ऐकलाच नाही.

ही रीत तिला कोणी शिकवली नव्हती. ती मंडणगड तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडील शेतकरी. चिपळूणला मावशीकडे राहून कॉलेज केलं आणि पहिल्याच चाचणीत भौतिकशास्त्रात नापास झाली. "बाकीच्यांना एकदम कळायचं हो," ती सांगायची, "मला एकदम काहीच कळत नसे. मग मी एकेक ओळ लिहायला लागले. लिहीत गेले तसं कळत गेलं." बी.एस्सी. होऊन ती मास्तरीण झाली, पण आपण नापास झालो होतो हे वर्गात दरवर्षी पहिल्याच दिवशी सांगायची.

मी तिला बघायला गेलो तो प्रसंग आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. मामाबरोबर एस.टी.ने गेलो होतो. पोहे खाताना काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "चिपळूणपासून गाडी नुसती रांगत होती." बशी घेऊन उभ्या असलेल्या मुलीने विचारलं, "रत्नागिरीहून किती वाजता निघालात?" सकाळी सहाला, म्हटलं, आणि साडेबाराला पोहोचलो. ती क्षणभर थांबली. म्हणाली, "अंतर दीडशेच्या आसपास. म्हणजे ताशी तेवीस पडले. मध्ये घाट आहे, थांबे आहेत. रांगत नव्हती, बरी आली." तिच्या आईने डोळे वटारले, मामा खोकला. बाहेर आल्यावर मी मामाला म्हटलं, हीच.

तर अशी ही बाई. निवृत्त झाल्यावरही आमच्या ओटीवर वह्या घेऊन येणाऱ्यांची वर्दळ कमी झाली नाही. ती शिकवत असायची, मी आत चहा टाकायचो, आणि दिवस बरे चालले होते.

दोन वर्षांपूर्वी, कलमं मोहरली होती त्या दिवसांत, एका सकाळी मी ओटीवर पेपर वाचत बसलो होतो. मथुरा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, ही छत्री घ्या." मला वाटलं थट्टा करते आहे. मी हसून वर बघितलं तर तिच्या तोंडाची एक बाजू ओघळली होती आणि कप हातातून सुटत होता.

शेजारच्यांनी गाडी काढली, दवाखान्यात लवकर पोहोचलो म्हणून जीव वाचला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. उजवा हात लुळा पडला, पाय मात्र हळूहळू सावरला. आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "याला वाचाघात म्हणतात. त्यांना कळतं सगळं. फक्त शब्द सापडत नाहीत. काही परत येतील, किती ते आज सांगता येणार नाही."

एक शब्द तेवढा राहिला होता. पुढे. पाणी हवं असलं तरी पुढे, उशी उंच झाली तरी पुढे, मुंबईहून आलेला मुलगा मुकुल पलंगाशी येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा हात धरून, रडत, पुढे, पुढे, पुढे. जन्मभर जो शब्द तिने पोरांना दिला, तोच नेमका शिल्लक राहावा याचं मला नवल वाटत होतं. पण ऐकवत नव्हतं.

चिपळूणहून मनस्विनी नावाची एक तरुण मुलगी आठवड्यातून एकदा येऊ लागली. बोलणं परत शिकवणं हाच तिचा व्यवसाय. गोड मुलगी, पण तिच्याकडे होती ती चित्रांची कार्डं. केळं. मांजर. चमचा. मथुरा केळ्याकडे बघून ओठ हलवायची आणि निघायचं "पुढे". तिला कळायचं आपण चुकलो ते. तेच वाईट होतं. एके दिवशी तिने डाव्या हाताने सगळी कार्डं जमिनीवर भिरकावली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मनस्विनी शांतपणे कार्डं गोळा करत म्हणाली, "काका, काकूंना चमच्याबद्दल बोलायचंच नाहीये. त्यांना कशाबद्दल बोलायला आवडायचं?"

याचं उत्तर मला देता आलं असतं. दिलं आर्याने. शेजारची अकरावीतली मुलगी, मथुराची आवडती. आजारपणानंतर ती फक्त बघायला म्हणून यायची, खुर्चीच्या काठावर बसायची आणि काय बोलावं ते न सुचून निघून जायची. एका दुपारी ती कॉलेजातून थेट आली होती, पुस्तक मांडीवर होतं. मथुराने डावा हात पुढे केला. पुस्तक मागितलं.

आर्याने गृहपाठाचं उदाहरण उघडून दाखवलं. जमिनीवर ठेवलेली एक पेटी दोरीने ओढायची आहे, असं काहीसं. आर्याने वहीत पेटीचा चौकोन काढून बाण काढले होते: एक खाली, एक वर, एक दोरीच्या दिशेने. मथुरा बराच वेळ बघत राहिली. मग तिने आर्याची पेन्सिल घेतली आणि डाव्या हाताने, लहान मुलासारखी वेडीवाकडी, चौकोनाच्या तळाशी ओढीच्या उलट दिशेला एक रेघ ओढली. रेघेला टोक काढलं. बाण झाला.

"घर्षण!" आर्या ओरडली. "बाई, मी घर्षण विसरले!"

मथुराने मान वर केली आणि विचारलं, "पुढे?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो शब्द जागेवर बसला होता. आर्या सरसावून बसली आणि पुढची ओळ लिहू लागली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. चहाचं आधण आटून गेलं तरी मला कळलं नाही.

मनस्विनीला हे सांगितलं तेव्हा तिने कार्डं पिशवीतून बाहेरच काढली नाहीत. म्हणाली, "मग रोज एक उदाहरण. कोणीतरी समोर बसून सोडवायचं, मोठ्याने बोलत, एकेक पायरी. काकू दुरुस्त करतील. आर्याला रोज जमणार नाही. तुम्ही बसा."

"मी? अगो, मी बी.कॉम. आहे. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीत तुटला, आणि तो दोघांच्या संमतीने."

"छानच की," ती म्हणाली. "तुम्ही भरपूर चुकाल."

असा वयाच्या पासष्टीत मी नववीच्या पुस्तकापासून माझ्या बायकोचा विद्यार्थी झालो. तिच्याच जुन्या पुस्तकांच्या कपाटातून पुस्तक काढलं, नवी वही आणली, रोज जेवणानंतर ओटीवर बसू लागलो. आणि मनस्विनीचा अंदाज खोटा ठरू दिला नाही.

मी वाचायचो, ती ऐकायची. मी "दिलेलं" लिहिताना काहीतरी गाळायचो, ती टेबलावर बोट आपटायची. मी सूत्र चुकीचं घ्यायचो, ती कपाळाला हात लावायची. "पुढे" या एका शब्दाचे किती सूर असतात ते मला त्या महिन्यांत कळलं. शाबासकीचा वेगळा, कंटाळ्याचा वेगळा, आणि एक असा होता की त्याचा अर्थ "देवा, काय हा माणूस" याशिवाय दुसरा असूच शकत नव्हता.

एक दिवस एस.टी.चं उदाहरण होतं. गाडी ताशी चोपन्न किलोमीटरने चालली आहे. चाळीस मीटरवर गाय उभी. चालक ब्रेक दाबतो, गाडी एकसारखी मंदावत पाच सेकंदांत थांबते. गाय वाचेल का? मी चोपन्नला पाचने गुणलं, दोनने भागलं आणि ऐटीत लिहिलं, एकशे पस्तीस. मथुराने वही ओढली. एक रस्ता काढला, त्यावर गाय काढली. मग गायीच्या कितीतरी पलीकडे गाडी काढली, आणि मूळची गाय खोडून तिथे चारी पाय वर केलेली गाय काढली. माझ्याकडे बघितलं. आणि हसली. तोंड अजून थोडं वाकडं होतं, पण हसू तिचंच होतं, पोटातून आलेलं, डोळ्यांतून पाणी काढणारं. आजारानंतर ती हसली ती ही पहिली वेळ. मीही हसत सुटलो.

मग तिने माझ्या चोपन्नभोवती गोल केला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: ताशी किलोमीटर आणि सेकंद एकत्र कसे गुणायचे? आधी किलोमीटरचे मीटर, तासाचे सेकंद. सेकंदाला पंधरा मीटर आले. पंधरा गुणिले पाच, भागिले दोन. "साडेसदतीस!" मी म्हटलं. "वाचली! गाय वाचली, मथुरे!" लिहिलं, वही मिटली आणि पेन खिशाला लावलं.

"मी..." ती म्हणाली.

मी थबकलो. तिचा चेहरा लाल झाला होता, डावी मूठ टेबलावर आवळलेली. साडेसदतीस काय ते मी लिहिलं नव्हतं. आंबे की नारळ? तीस वर्षं जी चूक तिने एकाही पोराला माफ केली नव्हती, ती नवरा तिच्या डोळ्यांदेखत करून वही मिटत होता.

"मी... मी... मीटर!"

आळीत ऐकू गेलं असेल. मग तिने हळूच, चव घेतल्यासारखं, पुन्हा म्हटलं, "मीटर." मी वही उघडली, पेन काढलं आणि लिहिलं. माझं अक्षर तेव्हा तिच्या डाव्या हाताइतकंच वाकडं आलं.

त्यानंतर शब्द येऊ लागले, पण कुठल्याही सुज्ञ माणसाने लावला नसता अशा क्रमाने. आधी घर्षण, वेग, वजन. आरसा आला पण कंगवा आला नाही. मनस्विनीने मग मथुराच्याच रीतीचा उपयोग केला: जे सांगायचं ते "दिलेलं" आणि "काढायचं" यांत बसवून बघा. एकदा जेवताना मथुराने आमटीचा भुरका घेतला, वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "दिलेलं, आमटी. काढायचं... मीठ." आमटी मीच केली होती. काढता येण्यासारखं ते मीठ नव्हतं, ती माणसांनी खाण्यासारखीच राहिली नव्हती. पण मी ती सगळी आनंदाने संपवली.

सगळंच गमतीचं नव्हतं. मुकुलचा रोज फोन यायचा, आणि त्याचं नाव येत नव्हतं. घर्षण येतं आणि पोटच्या पोराचं नाव येत नाही याने ती आतून पोळायची. फोन ठेवला की पदर तोंडाला लावून बसायची. मुकुल शहाणा निघाला. त्याने कधी घाई केली नाही. "आई, मी आहेच इकडे," एवढंच म्हणायचा. पावसाळा संपता संपता एका रविवारी तिने फोन कानाला लावला आणि सरळ म्हणाली, "मुकुल."

माझ्या नावाचा प्रश्न नव्हता. ते तिने लग्नात उखाण्यापुरतं घेतलं होतं, बाकी जन्मभर "अहो"च, आणि "अहो" लवकर परतलं होतं. मनस्विनीने तरी एकदा परीक्षा म्हणून विचारलं, "काकू, हे तुमचे कोण?" मथुराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, शब्द शोधला आणि म्हणाली, "विद्यार्थी." चुकून म्हणाली की मुद्दाम, हे तिने अजून सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी सुजय घरी आला. तिचा जुना विद्यार्थी, आता तिच्याच शाळेत विज्ञान शिकवतो. बाईंचा सत्कार करायचा ठरलं होतं. शाल, श्रीफळ, मान्यवरांची भाषणं. त्याने फार आदराने सगळं सांगितलं. मथुरा ऐकत होती. मग तिने मान हलवली.

"शाल नको."

"बाई, असं कसं? सगळ्यांची इच्छा आहे..."

"शाल नको," ती म्हणाली. आणि हाताने हवेत एक मोठा चौकोन काढला. "फळा."

सुजयला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा तो उठून तिच्या पाया पडला. मला मात्र धास्ती वाटली. ओटीवर आम्ही दोघं असतो, चुकलं तरी घरातलं. तिथे पन्नास पोरं. एखादं पोर हसलं तर? हे मी तिला बोलून दाखवलं. तिने खांदे उडवले.

शनिवारी सकाळी मी तिला रिक्षाने शाळेत घेऊन गेलो आणि नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो. सुजयने थोडक्यात ओळख करून दिली आणि बाजूला झाला. मथुराने डाव्या हातात खडू घेतला. उदाहरण आधीच फळ्यावर लिहिलेलं होतं: विहिरीत एक दगड सोडला, तो दोन सेकंदांनी पाण्यात पडला, तर विहिरीचं पाणी किती खोलवर आहे?

"दिलेलं," ती म्हणाली आणि फळ्यावर मोठा दोनाचा आकडा काढला. काढता काढता बोलली, "सात."

वर्गात कुजबुज झाली. काही पोरांनी दोन लिहिलं, काहींनी सात. आकड्यांचं तिचं अजून असं होतं. मनात एक, तोंडून दुसराच. पुढच्या बाकावरून एकाने भीतभीत विचारलं, "बाई, दोन की सात?"

ती वळली. चूक तिच्या ध्यानात आली, ते मला मागून दिसलं. ती लाजेल, मटकन बसेल, असं वाटून मी अर्धा उठलोसुद्धा. तिने खडू आधी आपल्या ओठांकडे केला, मग फळ्याकडे.

"तोंड, चूक," ती म्हणाली. "हात, बरोबर."

कोणीही हसलं नाही. पन्नास मुंड्या एकदम हलल्या आणि ज्यांनी सात लिहिलं होतं त्यांनी ते खोडलं. मी पुन्हा खाली बसलो.

मग जो वर्ग झाला तसा मी कधी पाहिला नव्हता. तिला बोलता येत नाही म्हटल्यावर बोलायचं काम पोरांवरच येऊन पडलं. वेळ दिली आहे, एकाने सांगितलं. गुरुत्वाचं त्वरण दहा धरायचं, दुसऱ्याने सांगितलं. तिने दोन्ही लिहिलं आणि "पुढे?" म्हणून उभी राहिली. आणखी काही दिलेलं कोणाला दिसेना. ती हलली नाही. शेवटी उदाहरणातल्या एका शब्दाखाली तिने रेघ मारली आणि तो उच्चारला, अगदी स्पष्ट: "सोडला."

खिडकीकडच्या रांगेतली एक मुलगी, वेदिका, ताडकन उभी राहिली. "फेकला नाही! नुसता सोडला! म्हणजे बाई, सुरुवातीचा वेग शून्य!"

मथुराने खडू तिच्या हातात दिला. पोरीने बाकीच्या पायऱ्या केल्या, वर्ग एकेक ओळ मोठ्याने म्हणत गेला, आणि शेवटी "वीस" म्हणून ती थांबली, तर सगळ्या वर्गातून एकच आरोळी उठली, "मीटर!" माझीही त्यात होती. दोन-चार पोरांनी मागे वळून बघितलं, हे आजोबा कोण म्हणून.

घरी आल्यावर ती इतकी दमली होती की पुढचे दोन दिवस शब्द जवळजवळ नाहीच. मी घाबरलो, मनस्विनीला फोन केला. ती म्हणाली, धावून आल्यावर पाय दुखणारच. तसंच झालं. सोमवार उलटला आणि बोलणं परत आलं, नि त्याबरोबर "शनिवार" हा नवा शब्दही.

आता ती दर शनिवारी जाते. पूर्वीचं बोलणं आलेलं नाही, सगळं येणारही नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. लांब वाक्याला ती अजून धडपडते. पण सुजय सांगतो की नववीची पोरं आता त्याच्याही तासाला एकेक पायरी बोलून सोडवतात, आणि त्याने मध्ये तोंड घातलेलं त्यांना खपत नाही. मी स्वतः दहावीच्या पुस्तकात आलो आहे, भिंगांपाशी अडकलोय.

परवा शनिवारी मंडणगडहून तिचा चुलतभाऊ अचानक भेटायला आला. आजारपणाचं फार उशिरा ऐकून, फळं वगैरे घेऊन, चेहरा पाडून. ओटीवर चप्पल काढता काढता हलक्या आवाजात विचारू लागला, "कशी आहे हो मथुरा? झोपलीय का?"

"छे हो," मी म्हटलं. "शाळेत गेलीय. बसा, येईल तास संपला की."